पायाळू तुळसाबाई आणि फोटोची मशीन

भरवेलीच्या खाणवस्तीतली तुळसाबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आईचा जीव जाता जाता वाचला, पण पोरीचं मात्र नाव झालं. पायाळूनं लाथ मारली की धरलेली कंबर मोकळी होते, असं सगळी वस्ती मानायची. मँगनीजच्या टोपल्या उचलून मोडून आलेल्या बाया पहाटेच तिच्या ओसरीवर पालथ्या पडत. ती टाचेनं पाठ चाचपायची, दुखणारी जागा नेमकी धरायची आणि तीन लाथा हाणायची. घ्यायची काही नाही, मान मात्र पुरेपूर वसूल करायची.

१९६४ साली बालाघाटच्या एका दवाखान्यात एक्स-रेची मशीन आली आणि तुळसाबाईचं पित्त खवळलं. लोक सायकलनं तिकडे जाऊ लागले, पाकिटातले काळे फोटो वस्तीभर मिरवू लागले. सवत आली असती तर तिनं एक वेळ नांदवून घेतली असती, पण ही मशीन! "मशीनले दुखणं समजते काय?" असं ती फणकारायची, आणि रिकाम्या ओसरीचा राग भांड्यांवर काढायची.

शेजारची रुख्माबाई तेवढी टिकली. दोन वर्षं दर रविवारी येऊन ती पालथी पडे. एका रविवारी मात्र ती आली नाही. नवऱ्यानं तिलाही फोटो काढायला नेलं, असं कळलं. हे तुळसाबाईच्या फार जिव्हारी लागलं. आठ दिवस तिनं तोंड फिरवलं, नवव्या दिवशी भांडायलाच गेली.

रुख्माबाई खाटेवर पडून होती, कमरेला प्लास्टर. तुळसाबाईनं उशापासचा फोटो ओढला आणि दारातल्या उजेडात धरला. मणक्यांच्या रांगेत एक मणका चेपलेला होता. तिनं खालून बोटानं मोजत नेलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"पाह्य! दोन वर्षांपासून मी इथंच धरून राह्यली ना? मंग तुह्या मशीननं नवं काय सांगतलं?"

"हौ काकी, जागा तेच हाय," रुख्माबाई म्हणाली. "हाडाले क्षय झाला म्हणते. सडल्या हाडावर मार बसू बसू ते खचलं. डॉक्टरनं पुसलं, कोणं मारलं म्हणून."

"मंग?"

"म्या सांगतलं, टोपली घेऊन पडली होती."

तुळसाबाईनं फोटो परत उशाशी ठेवला आणि ती खाली बसली. दोन्ही पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतले.