पाण्याच्या वेळेची बैठक

माझी आत्या सरकारी साहेबांना शिकवते. काय, तर भांडण पेटायच्या आधी विझवायचं असेल तर बायकांना बैठकीत घ्या. शिकवता शिकवता तिचंच डोकं पेटतं, तो भाग वेगळा.

मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. सभागृहभर साहेब. कर्मचाऱ्यांतली बाई एकच, तीही चहा सांगायला पिटाळलेली.

विषय होता दोन वस्त्यांमधल्या एका नळाचा. मागच्या महिन्यात तिथे डोकी फुटली. कोण कुणावर डूख धरून आहे, कुणाची पोरं दगड जमवताहेत, हे नळावरच्या बायकांना सगळ्यांत आधी कळतं. त्यांतल्या दोघी शांतता समितीत आल्याच पाहिजेत, असा आत्याचा हट्ट.

तिने समितीची लुटुपुटूची बैठक भरवली. "महिला प्रतिनिधी कोण होतंय?"

"आमचा टायपिस्ट! मिशी काढेल बिचारा!" मागून एक साहेब ओरडले.

टायपिस्ट बसला आणि प्रत्येक प्रश्नाला लाजत म्हणू लागला, "घरी विचारून सांगते हं." साहेब लोक हसून बेजार. आत्या खडू मोडत उभी.

मोठे साहेब बोलण्याआधी चष्मा काढतात आणि बोलून झालं की शोधतात. "मॅडम, शंभर टक्के मान्य! घेतलं दोघींना. पहिली बैठक सोमवारी सकाळी आठला, इथेच."

आत्याचा खुललेला चेहरा पडला. "साहेब, आठला नळाला पाणी येतं."

"मग?"

"मग त्या येणार कशा? बैठकच नळावर घ्या ना."

"आणि बसायचं कुठे?"

पुन्हा हशा. तेवढ्यात चहा आला आणि विषय त्यात बुडाला.

रात्री जेवताना मी मोठ्या साहेबांसारखे डोळे बारीक करून ताटाखाली चष्मा शोधला. "आणि बसायचं कुठे?" आईला ठसका लागला. आत्याने मात्र घास खाली ठेवला.

"बादली उपडी घालून! तिथे सगळ्या तशाच बसतात." मग कपाळावर हात मारून म्हणाली, "हे तिथे का नाही सुचलं गं मला?"

"उद्या फोन कर की."

तिने केला. साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्येच.

सोमवारी आत्या स्वतः गेली. समिती भरली, दोन खुर्च्या रिकाम्या. साहेबांनी चष्मा काढला. "बघा मॅडम, आम्ही बोलावतो हो, याच येत नाहीत."

ही नक्कल मला झकास जमते. आत्यासमोर मात्र करत नाही.