धंतोलीच्या माडीवरचा फोन

जिथे गुपितं सांभाळायची असतात, तिथेच किस्से जास्त साचतात. सांगायला बंदी असली की ते पोटात मावत नाहीत! आता चाळीसएक वर्षं झाली. फोन करणाऱ्यांची नावं गाळून सांगायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपुरात धंतोलीला, एका दवाखान्याच्या माडीवर, एका ट्रस्टने आम्हाला खोली आणि काळा फोन दिला होता. मनात काही सलत असेल तर फोन करा, नाव सांगू नका, अशी पेपरात जाहिरात. फोनवर कुंदाताई. बंगलोरला समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, सर्टिफिकेट भिंतीवर. मी त्यांची मदतनीस, नुकतीच बी.ए. झालेली. पण तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, आणि ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा आमच्या फोनवर डोळा होता. "वर्षभर पाहीन. कोणाचं भलं झालेलं दिसलं नाही त फोन ऑफिसात नेईन," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्यामुळे पहिला फोन वाजला तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच झडप घातली!

पलीकडे एक गृहस्थ. "तुमी नेमकं करता काय?"

"ऐकून घेतो," ताई म्हणाल्या.

"कितीही येळ?"

"हो."

"मंग थांबा." आणि मागे वळून हाक, "अवं, इकडे ये. हे बाई ऐकते म्हणते."

बायको भरपूर बोलली. शेवटी म्हणाली, "लय हलकं वाटून राहिलं, बाई. आता ठेवतो. हे कवाचे दाराआडून ऐकून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!"

---

ताईंचा एक नियम पक्का होता. सल्ला द्यायचा नाही, माणसाला त्याची वाट स्वतः सापडू द्यायची. नागपूरकराला हे पटणं महाकठीण. एका वकिलाने वाटणीवरून भावाशी धरलेल्या अबोल्याची सगळी कहाणी सांगितली. ताईंनी विचारलं, "मग तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"मले ते समजलं असतं त तुमाले फोन काहून केला असता?" आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. "केला भावाले फोन. विचारलं, वाटणीचं काय करू? तो म्हणे, तुले काय वाटते? बाई, त्यालेही तुमीच शिकवलं काय?"

---

उमरेडहून एक विणकराची सून ट्रंक कॉल करायची. घरात फोन कुठला, किराणा दुकानातून. आमची गुप्तता म्हणजे साखर घ्यायला आलेलं अख्खं गिऱ्हाईक! वर एक्स्चेंजचा ऑपरेटर. एकदा कॉल जोडतानाच तो ताईंना म्हणाला, "आज तिची सासू दुकानात हाये. जरा हो-नाहीवर भागवा."

कोणी चोरून ऐकलं की ताई चिडत. त्या त्याला झापणार, तेवढ्यात ती मुलगी रडायला लागली. ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली तरी लाइन चालूच. शेवटी ऑपरेटर हळूच म्हणाला, "वेळ झाला, बाई. पण ते रडून राहिली. मी काही तोडत नाही."

ताईंचं झापणं राहूनच गेलं.

---

वर्ष संपलं. आप्पासाहेब एका दुपारी लाइनमनलाच घेऊन माडी चढले. इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस, समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसे. घरीही हीच तऱ्हा, असं सगळे म्हणत.

"एक तरी सुधारलेला माणूस दाखवा."

"नावं सांगता येत नाहीत, आप्पासाहेब," ताई म्हणाल्या.

"मंग काढ गा," ते लाइनमनला म्हणाले. त्याने स्क्रू खोलायला पेचकस काढला आणि फोन वाजला!

ताईंच्या आधी आप्पासाहेबांनीच उचलला. "पाहू द्या, एवढं काय कठीण असते ते. हॅलो, हे पाहा..."

आणि ओळखीचा आवाज ऐकावा तसे ते थांबले. खुर्ची ओढून बसले. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग एकदाच म्हणाले, "बोल तू. मी ऐकून राहिलो." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. पलीकडचं बोलणं चालूच होतं. मध्ये त्यांनी एकही वाक्य तोडलं नाही.

रिसीव्हर ठेवून ते उठले. लाइनमनला म्हणाले, "तू जा गा. फोन इथंच राहू दे." आणि आमच्याकडे न बघता जिना उतरून गेले.

मला तर नाचावंसं वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई वर आली. म्हणाली, "मी आप्पासाहेबांची सून. त्यांचा चष्मा इथं राहिला म्हणे."

चष्मा फोनशेजारीच पडला होता. तिने तो उचलला, पदराने पुसला. मग फोनकडे बघत म्हणाली,

"हाच काय तो?"