लेग्रँडदाजींची गाडी कुशीवर होईना

आमच्या स्टार व्हॅलीत स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरची फटफटी, विकणारे पुष्कळ, पण डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी ती लावून देणारे एकच, माझे मेहुणे लेग्रँड टॉलमन. लावायची म्हणजे पुढच्या दोन्ही स्की आत घ्यायच्या, पुढच्या स्प्रिंगा ढिल्या करायच्या आणि नाक दाबून धरणारा खालचा पट्टा इतपतच सोडायचा, की गॅस दिल्यावर नाक हलकं व्हावं. मग उतारावर गाडी हवी तशी एका बाजूला कलवून कुशीवर घेता येते. जी कुशीवर होत नाही, ती दाजींच्या मते ट्रॅक्टर. आमच्या चर्चचे बिशप नवी कोरी गाडी दाखवायला आले, तेव्हा दाजींनी शांतपणे विचारलं होतं, "नांगर कुठं ठेवलात?"

त्यांचं दुसरं म्हणणं असं, की त्यांनी लावलेली गाडी चुकत नाही, चालवणारा चुकतो. कुणी तक्रार घेऊन आलं की ते गाडीकडे बघतच नसत, त्या माणसाच्या पोटाकडे बघत.

गेल्या पानगळीत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. दाजींनी त्याचा अर्थ 'बर्फ पडेपर्यंत' असा घेतला. स्वतःची गाडी त्यांनी उन्हाळ्यातच लावून ठेवली होती. माझी बहीण अर्डिथ काहीच बोलली नाही. ताई गप्प बसली की मला धास्ती वाटते.

पहिला दणदणीत बर्फ पडला आणि आम्ही दोघं वर गेलो. पहिल्याच उतारावर दाजींनी एक पाय बर्फात टाकला, हँडल उलट्या बाजूला वळवलं, अंग झोकून दिलं. गाडी ढिम्म. ती सपाटच राहिली आणि त्यांना घेऊन सरळ खाली फरच्या झाडांत गेली. पुन्हा तेच, परत तेच.

"दाजी, नांगर आणायला विसरलात की काय?" मी ओरडलो.

एरवी त्यांनी मला तिथंच गाडलं असतं. आज त्यांनी नुसतं इंजिन बंद केलं.

"गाडी मीच लावलीय, रेक्स," ते म्हणाले. "म्हणजे दम माझ्यातच उरला नाही."

गाडीला त्यांनी हातसुद्धा लावून बघितला नाही. घरी आल्यावर हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि खिडकीशी बसले. शेडकडे फिरकेनात. जेवण अर्ध्यावर आलं. मला त्यांची फार दया येत होती, आणि दाजींची दया येणं मला मुळीच आवडत नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर एल्क हरणाचं मटण आणि चीज घातलेले बटाटे वाढून ताई बसली. दाजी म्हणाले, "रेक्स, गाडी तू घेऊन जा. मला काय करायचीय?"

ताईनं डाव खाली ठेवला. "गाडीत मी हात घातलाय."

"काय केलंस?"

"वायसर इकडचे तिकडे करून स्की बाहेर घेतल्या. स्प्रिंगा आवळल्या. पट्टा पार आत."

"कितव्या भोकात?"

"शेवटच्या."

"स्प्रिंगा दोन्ही सारख्या?"

"डावी जरा जास्त. तू नेहमी डावीकडेच घेतोस ना."

दाजींनी ताट बाजूला सारलं. मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. "ट्रॅक्टर केलास की गं! म्हणजे मी संपलो नाही!"

"तू संपू नयेस म्हणूनच केलं!" ताई कडाडली. "वर काही झालं तर हे गाढव तुला उचलून आणणार आहे का?"

"मी इथंच बसलोय, ताई."

"बसलायसच तू."

दाजी हसायचे थांबले. "आणि इथं खिडकीत बसून माझं काय होतंय, ते बघतेयस ना?"

"बघतेय. म्हणून तर बोलले."

ते उठले, पाना आणला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. "तू आवळलंस, तूच सोड."

आम्ही शेडमध्ये गेलो. ताई गुडघ्यांवर बसून काम करत होती. दाजी स्टुलावर बसले होते, मुद्दाम दाराकडे तोंड करून. ती "झालं" म्हणाली, तसे ते उठले आणि जाकीट शोधायला गेले. माप घेतलं नाही. मी एखादा नट फिरवला तर हा माणूस दोनदा तपासतो.

म्हणून मीच गुपचूप माप घेतलं. दाजींच्या मूळ मापाहून केसाचाही फरक नव्हता. स्प्रिंगेचा एखादा आटा जास्त आवळून ठेवला असता तर दाजींनी तो मुकाट्यानं चालवून घेतला असता. ताईनं तोही ठेवला नव्हता, आणि आता ती फडक्याला हात पुसत पुसत रडत होती.