बोरीची टाळी आणि माझे दोन कान

माझ्या कानातल्या मळाचं आणि माझं कधीच भांडण नव्हतं. तो आत सुखात होता, मी बाहेर. पण निजामाचं राज्य जाऊन गावोगावी मराठी शाळा निघाल्या, राणीसावरगावात मी मास्तर झालो, आणि बोरीचे एक मातबर शेतकरी मुलगी द्यायच्या विचारानं मला बघायला येतो म्हणाले. (मुलगी मी आधीच एका लग्नात पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, पंगतीत जेवायचंच विसरलो होतो!) हे स्थळ जमावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

आदल्या दिवशी आई म्हणाली, "कानात मळ दिसायलाय रं. पाव्हणे काय म्हणतील?"

झालं! आगकाडीला कापूस गुंडाळून मी कान कोरायला बसलो. मळ बाहेर यायचा सोडून आत गेला आणि त्याच्या सोबतीला कापूसही गेला. हातात नुसती काडी! डावा कान ठप्प. असं का झालं ते समजून घ्यायला मी तोच प्रयोग उजव्या कानावर केला. (मास्तर ना मी!) तोही ठप्प.

"थांबा भाऊजी, म्या काढते," म्हणत वहिनींनी डोक्यातला आकडा काढून माझ्या कानात घातला. कापूस आणखी आत गेला आणि मी बोंबलत उठलो. आईनं लसणाचं कोमट तेल ओतलं. ते कापसानं पिऊन टाकलं आणि तो टम्म फुगला. मग शेजारच्या काकांनी बिडी पेटवून कानात धूर सोडला. "दम धर, मळ आपसूक पळतो!" मळ कसला पळतो? मीच पळणार होतो, पण तिघांनी धरून ठेवलं होतं. माझ्या कानातलं कुणाला काही दिसत नव्हतं आणि कळत मात्र सगळ्यांना होतं.

सकाळी मामा आले. निजामी गेली तरी मामांची शेरवानी गेली नव्हती. माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "फिकर नको! पाव्हणे काय बी म्हणले तरी मान हलीव!"

पाहुणे आले. मुलीचे वडील बैलबाजारात मुरलेले. त्यांनी माझी चाल पाहिली, हसवून दात पाहिले आणि बोलता बोलता माझ्या पाठीमागे जाऊन खणखणीत टाळी वाजवली. खोंड घेताना ते असंच करत. खोंड दचकतं तरी! मी नंदीबैलासारखी मान हलवत चहा पीत राहिलो.

"पोरगं बहिरं हाय!" असा निकाल देऊन ते गेले. (हे मला मामांनी ओरडून सांगितलं, तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं.)

मामांनी मला तसंच गंगाखेडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक ऐवज काढला आणि फाडफाड बोलले, "कान आहे का उकिरडा? अहो, मळ धूळ अडवतो आणि आपला आपण बाहेर येतो. काडी, आकडा, तेल, धूर, काही घालायचं नाही! कान बुजला तर सरळ इथं यायचं. पडदा फाटला असता म्हणजे?"

मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. शिव्यासुद्धा इतक्या गोड लागल्या! मामा म्हणाले, "चल बोरीला! दाखवूच त्यांना!"

बोरीला बैठकीत बसलो. मामांनी काडीपासून डॉक्टरच्या चिमट्यापर्यंत सगळी कहाणी रंगवून सांगितली. मुलीच्या वडिलांनी पुन्हा मागून टाळी वाजवली. मी असा उडालो की चहा मामांच्या शेरवानीवर! वडील खूश होऊन मुलीला विचारायला आत गेले. मी हळूच भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"आबा, बैल बहिरा असला तरी चालतो. पर सोताचीच शिंगं सोताच्या डोळ्यात घालून घेणारा कशाला घ्यायचा? कान डाक्टरनं साफ केले, अक्कल कोण घालनार?"

वडिलांचं हसूही ऐकू आलं. शब्द अन् शब्द ऐकू आला. रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

मामा शेरवानी पुसत माझ्याकडे सरकले आणि मोठ्या आशेनं म्हणाले, "काय म्हणायली रं ती? आता तुझे कान तर झकास झालेत!"

मी म्हणालो, "मामा, मला काहीच ऐकू येईना."