बुजवलेला ठसा

आमच्या मेरिसव्हिलच्या नाणे मंडळात नवा माणूस आला की त्याला पहिला धडा मिळतो तो एकच: नाणं कडेला धरायचं. दोन बोटांत, कडेवर. नाण्याच्या तोंडाला अंगठा लावायचा नाही. बोटाचा घाम चांदीवर बसला की काही महिन्यांनी तिथे डाग उमटतो आणि तो जन्मात जात नाही. हा धडा द्यायचं काम वॉरन लियाँगचं. मी पडलो न्हावी. माझी बोटं सगळा जन्म लोकांच्या केसांच्या क्रीममध्ये बुडालेली, त्यामुळे मला तो धडा दर भेटीत नव्याने मिळायचा. "मॅनी, कडेला," एवढंच तो म्हणायचा आणि मी गुन्हेगारासारखा हात पुसायचो.

वॉरनचं हार्डवेअरचं दुकान होतं. आता ते त्याची मुलगी कोरीन चालवते. दुकानाच्या मागच्या खोलीत, रंगाच्या डब्यांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या मध्ये, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी आमचं मंडळ भरतं. वॉरनची बायको लोरेन बदामाची बिस्किटं पाठवते, मी घरचं सॉसेज नेतो, आणि कॉफी कोरीन करते, ती कॉफी कुणालाच आवडत नाही पण बोलायची टाप कुणाची? गावात कुणाचे आजोबा गेले आणि कपाटात जुन्या डॉलरचा डबा सापडला, की तो डबाही तिथेच येतो. वॉरन किंमत तोंडावर सांगतो. एकदा एक बाई सासऱ्याचे डॉलर टूथपेस्टने घासून आरशासारखे लख्ख करून घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. वॉरन शांतपणे म्हणाला, "बाई, फार मेहनत घेतलीत. निम्मी किंमत धुऊन निघाली." बाई रागावून गेली आणि पुढच्याच आठवड्यात आईच्या बांगड्या कुणाला दाखवू म्हणून त्यालाच विचारायला आली. लोकांचा त्याच्यावर असा विश्वास.

त्याचा स्वतःचा जीव मात्र एकाच नाण्यावर. व्यापारी डॉलर. दीडशे वर्षांपूर्वी चीनच्या व्यापारासाठी आमच्या सरकारने पाडलेला, चांदीचं वजन नाण्यावरच कोरलेला. तिकडे हे डॉलर पोचले की पेढीवरचा सराफ ते तोलायचा, वाजवून ऐकायचा, आणि खरे निघाले तर हातोडीने आपल्या पेढीचा ठसा त्यावर ठोकायचा. पुढच्या पेढीवर पुन्हा तेच. असे ठसे खाल्लेले डॉलर फिरत फिरत इकडे परत आले, तेव्हा आमच्या लोकांनी नाकं मुरडली. आमच्या तरुणपणी त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. चेहऱ्यावर भोकसलेली नाणी कोण घेणार? वॉरन घ्यायचा. बाकीचे गुळगुळीत चेहऱ्यांमागे धावत असताना हा पठ्ठ्या मार खाल्लेलेच गोळा करत बसला. आज त्यांनाही गिऱ्हाईक आहे, आणि तेव्हा हसणारे आम्ही आता त्याच्याकडेच विचारायला जातो.

"सरकारने वजन कोरून दिलं होतं," तो म्हणायचा, "तरी माझ्या पणजोबांनी तोलून पाहिलंच. सरकारचं काय सांगावं?"

पणजोबा चीनमधल्या कँटनच्या एका पेढीवर सराफ होते. त्यांचा ठसा मारायचा खिळा वॉरनकडे आहे. बोटाएवढा, लोखंडी, टोकावर एक अक्षर: दोन खांब आणि वर छप्पर असं दिसणारं. लहानपणी वॉरन तो तळहातावर दाबून ते घर उमटवायचा. तो ठसा असलेला एक डॉलर त्याला हवा होता. एकच. शेकडो नाणी त्याने भिंगाखाली घातली. पण ते घर कुठेच निघालं नाही. कुणीतरी एकदा थट्टेने सुचवलं, की खिळा आहे, हातोडी आहे, मार की एक. त्यानंतर महिनाभर वॉरन त्याच्याशी बोलला नाही.

आणि मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नेमकं पुसट होतं. डॉक्टरने सांगितलं, हे परत येणार नाही. नाणी पाहणाऱ्याच्या वाट्याला हे यावं याचा मला फार संताप आला, अजून येतो. वॉरनने मात्र आम्हाला हळहळूसुद्धा दिलं नाही. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आता तू पाहायचं, मी ऐकायचं.

गेल्या शरद ऋतूत एका शनिवारी गावातल्या रे टिबेट्सने वडिलांच्या डब्यातला एक व्यापारी डॉलर आणला. अठराशे अठ्ठ्याहत्तर सालचा, कार्सन सिटी टाकसाळीचा. ज्यांना कळतं त्यांच्या हातातली बिस्किटं तशीच राहिली, कारण त्या साली तिथे पाडलेले बरेचसे डॉलर वितळवले गेले. आणि हा तर चेहऱ्याने अगदी निर्मळ. रे छाती काढून म्हणाला, माझा बाप खराब नाणं कधी घ्यायचाच नाही. मी भिंगातून पाहिलं आणि मलाही तो बंदा रुपया वाटला.

वॉरनने नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलने हलकेच वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. मग उलटं करून मागच्या बाजूच्या गरुडाच्या पंखाखाली नखाची कड फिरवली.

"रे," तो म्हणाला, "इथे पंख चेपलाय. समोरून घाव बसल्याशिवाय मागे असं चेपत नाही. आवाजही बसका आहे. पुढे ठसा होता, तो कुणीतरी कथलाचा डाख भरून बुजवलाय."

रे तांबडालाल झाला. त्याने नाणं ओढून घेतलं, खिडकीपाशी नेलं, तिरपं केलं. मग हळूच म्हणाला, की बापाकडे डाख लावायची तापती सळई होती, रेडिओ दुरुस्त करायचा. कुणाला फसवायला त्याने हे केलं नसणार, असं वॉरनच म्हणाला. त्या काळात ठसा म्हणजे व्यंगच समजायचे. माणूस आपल्या पोराचं व्यंग झाकतो, तसं त्याने झाकलं.

मग वॉरनने आपला सगळ्यात देखणा डॉलर, ज्यावर मंडळातल्या प्रत्येकाचा डोळा होता, तो रेच्या पुढे ठेवला आणि अदलाबदल मागितली. निर्मळ देऊन जखमी घ्यायचं! रे भला माणूस, हे फार होतंय म्हणाला. वॉरन म्हणाला, "किंमत मी करतो ना? मग झालं."

आणि नाणं आपलं होताच त्याने कोरीनकडून डाख लावायची सळई मागवली. रे ओरडला, की आहे तसं तरी ठेवा, निदान दिसायला चांगलं आहे. पण हार्डवेअरवाल्याच्या हाताला डाख काय नवीन? डोळे नसले तरी कोरीनचे होते. तिने टोक टेकवलं, वॉरनने वासावरून "आता" म्हटलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा घाव हळूहळू उघडा पडला. कोरीनने तो पुसून नाणं माझ्यापुढे केलं.

मी भिंग लावलं. तीन काड्या आणि एक टिंब. ना खांब, ना छप्पर.

खरं सांगतो, त्या क्षणी मी खोटं बोलणार होतो. त्याला दिसणार नव्हतं. "घर आहे" एवढे दोन शब्द, आणि आयुष्यभराचा शोध तिथे संपला असता. खोलीतल्या कुणीही मला उघडं पाडलं नसतं. सगळे माझ्याकडे तशाच नजरेने पाहत होते. मी तोंड उघडलं.

"गप," वॉरन म्हणाला. "तू दयाळू माणूस आहेस, मॅनी. दयाळू माणसाची साक्ष मला नको."

त्याने टेबलाच्या खणातून खिळा काढला. त्याचं टोक त्या घावात अलगद टेकवलं, थोडं फिरवलं. ठसा त्याच खिळ्याचा असता तर आपल्या घरात पाय बसावा तसं ते बसलं असतं, पण बसलं नाही. कडेवर डुगडुगलं. त्याने खिळा बाजूला ठेवला. आणि मग ज्या माणसाने आम्हाला सगळा जन्म कडेला धरायला शिकवलं, त्याने उघडा अंगठा नाण्याच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"आमचे पणजोबा नव्हेत," तो म्हणाला. मग अंगठा उचलून, "पण कुणाचे तरी आहेतच. हे खरं आहे असं म्हणून गेला बिचारा, आणि आपण त्याच्या तोंडात डाख भरला."

रे मान खाली घालून खुर्चीत बसला होता. वॉरनने त्याच्या खांद्यावर थाप मारली, बिस्किटांची थाळी त्याच्याकडे सरकवली आणि मला कागदी पाकीट घ्यायला सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक नाणं अशा लहान पाकिटात राहतं आणि त्यावर साल, टाकसाळ, प्रत, किंमत लिहायची रीत आहे. मी साल लिहिलं, टाकसाळ लिहिली. प्रत काय लिहू, विचारलं.

"लिही: खरं," तो म्हणाला. "तपासणारा, नाव माहीत नाही. त्याखाली लिही: पुन्हा तपासणारा, वॉरन लियाँग."

मी लिहिलं. किमतीची जागा त्याने मोकळी ठेवायला लावली. मग नाणं पाकिटात सरकवण्यासाठी मी उचललं, आणि नेहमीसारखा माझा अंगठा चुकीच्या जागी गेला. मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याला दिसलं नव्हतं, पण कळलं होतं.

"मॅनी," तो म्हणाला, "कडेला."