मागच्या सीटचं माप

बसणं ही माणसाला जन्मतः येणारी गोष्ट आहे, असा माझा पुष्कळ वर्षं समज होता. आमच्या साडूंनी तो समूळ काढून टाकला. त्यांच्या मते या शहरात बसण्याच्या लायकीची एकही जागा नाही आणि नीट बसता येणारा एकही माणूस नाही. अपवाद एकच, आणि तो कोण हे सांगायची गरज नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांची हयात गेली. कारखान्यानं निवृत्त केलं, पण ही बातमी त्यांच्या बोटांपर्यंत अजून पोचलेली नाही. दुसऱ्यानं केलेल्या वस्तूकडे डोळे बारीक करून पाहायचं, ती अंगठ्यानं दाबायची आणि "रिजेक्ट" म्हणून पुढं जायचं, हा त्यांचा स्वभाव. लग्नाच्या मांडवात खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय ते टेकत नाहीत, तोवर पहिली पंगत हात धुवायला गेलेली असते. आमच्या घरी नवा सोफा आला तेव्हा पेढा तोंडात असतानाच त्यांनी तो रिजेक्ट केला. "डावीकडं झुकतोय. लवकरच दबंल," म्हणाले. सोफा दबला हे खरं, पण तो त्यांच्याच तपासणीनं दबला असं माझं मत आहे.

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच वस्तू पास झाली होती, ती म्हणजे त्यांची मोटरसायकल. लग्नाच्या वर्षी घेतलेली. आता तिचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि तिचा आवाज गल्लीत शिरण्याआधी धूर शिरतो. दाजी तिला विंटेज म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, तिला खटारा म्हणतात. पण दर रविवारी सकाळी त्याच खटाऱ्यावर मागं, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन त्या दौलताबादला जायच्या. किल्ल्याच्या पायथ्याशी उभ्यानं चहा, पिशवीभर पेरू नाहीतर सीताफळं, थोडं भांडण, आणि परत. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी परत आल्यावर अक्का गाडीवरून उतरल्या आणि फाटक धरून तशाच उभ्या राहिल्या. मणका सरकला होता. "आता मला नाय बसवत या गाडीवर," एवढंच त्या म्हणाल्या. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कंबरेचा पट्टा झाला. अक्का आत डॉक्टरांपुढं बसलेल्या असताना दाजी बाहेरच्या बाकड्याचे पाय हलवून कंपाउंडरला त्याचे दोष समजावून देत होते. हळूहळू अक्का बऱ्या झाल्या, भाजीला चालत जाऊ लागल्या, पण गाडीचं नाव काढीनात. दुसऱ्या कुणाही नवऱ्याला त्या वाक्यात बायकोची कंबर ऐकू आली असती. दाजींना सीट ऐकू आली. जन्मभर लोकांचा माल नाकारलेल्या माणसाचा माल घरातच नाकारला गेला होता, आणि रविवार रिकामे पडले होते. अक्कांना पुन्हा मागं बसवायचं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं. अर्थात हे अक्कांना सांगतील तर ते दाजी कसले! "माझीच पाठ दुखतीय," असं जाहीर करून त्यांनी सीट उचकटली.

सीटचं जुनं कव्हर निघालं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं आलं. आत काथ्या, गंजलेल्या स्प्रिंगा आणि इतक्या वर्षांची धूळ. वेरूळला गाइड जसा पाहुण्यांना खांब दाखवतो तसं त्यांनी मला त्या काथ्याकडे बोट दाखवलं. मागच्या भागाची डावी कड खोल दबलेली होती. "ही तिची जागा," ते म्हणाले, आणि नको तितका वेळ त्या खळग्याकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्याही डोळ्यांत धूळ गेली.

त्यानंतर गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या सीटवाल्या चाचांचे वाईट दिवस सुरू झाले. दाजी सकाळी डबा घेऊन जात, कामावर निघाल्यासारखे. चाचांनी फोम बसवायचा, दाजींनी अंगठ्यानं दाबायचा. पहिला मऊ निघाला. "माणूस आत गेला तर बाहेर कोण काढणार?" दुसरा कडक निघाला. तिसऱ्यात दोष सापडेना, तेव्हा त्याच्या वासावरून तो नाकारण्यात आला. चाचा फोम कापायला लागले की दाजी हातातलं पातं काढून घेत आणि स्वतः चार रेघा ओढत. मग त्या रेघा बुजवायला चाचांना नवा तुकडा चिकटवावा लागे. "साब, ये गाड़ी की सीट है, दूल्हे का तख़्त नहीं," चाचा एकदा हात जोडून म्हणाले. "तेच तर चुकतंय ना तुमचं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पातं मागितलं.

सीट तयार झाली की तिची चाचणी, आणि चाचणीला माणूस म्हणजे मी. आधी मला वाटलं, माझ्या मताला काही किंमत असावी. तसं काही नव्हतं. "तुमचं आन् हिचं वजन सारखंच भरतंय," दाजींनी शांतपणे सांगितलं. दिवाळीच्या आधी ते मला दळणाला सोबत म्हणून गिरणीत घेऊन गेले होते आणि मौजेखातर काट्यावर उभं केलं होतं, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. बरं, बसायचं तेही अक्कांसारखंच. म्हणजे पन्नाशी उलटलेला, मिशा असलेला, विमा कचेरीत ज्याला लोक उभे राहून नमस्कार करतात असा गृहस्थ भर दुपारी गुलमंडीतून एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन चालला आहे. पिशवीत वजनासाठी दोन किलो बटाटे. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत होते. एका पानवाल्यानं काळजीनं विचारलं, "काका, पाय मोडला का हो?" "नाय, टेस्टिंग चालूय!" दाजी पुढून ओरडले. माझ्या कचेरीतला शिपाई समोरून सायकलवर येत होता. त्यानं सवयीनं नमस्कार केला आणि मग सायकल थांबवून पुन्हा एकदा नीट बघितलं.

प्रत्येक स्पीडब्रेकरला दाजी गाडी बाजूला घेत आणि मान वळवून विचारत, "लागलं का? डाव्या बाजूला का उजव्या?"

"नाही लागलं, दाजी."

"नीट सांगा. कळ खालून वर गेली का वरून खाली?"

"दाजी, चला ना. लोक बघतायत."

"बघू द्या. उद्या तुमच्या भरवशावर एक बाई बसणार हाय मागं."

शेवटी मी चिडून विचारलं, "मग अक्कांनाच का नाही विचारत? माझ्या कंबरेचा छळ कशाला?"

"तिला काय कळतंय सीटमधलं?" दाजी तुच्छतेनं म्हणाले. मग गाडी सुरू करायचं सोडून हँडलवरची नसलेली धूळ पुसत राहिले. "आन् विचारलं, आन् नाय म्हणाली तर?"

त्यानंतर मी पाय एका बाजूला सोडून मुकाट्यानं बसत गेलो. साडूपणाची इतकी किंमत असते हे लग्नाच्या बैठकीत कुणी सांगत नाही.

अखेर सीट पास झाली. काळं रेक्झिन, पांढरी पाइपिंग, मागच्या भागाला डावीकडं अलगद उतार, अक्कांच्या जुन्या खळग्याला धरून कोरलेला. रविवारी सकाळी आम्हा नवराबायकोला बोलावून दाजींनी नारळ फोडला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "ऐकलं का, जरा बघून तर जा!" आवाज असा, जणू अक्का आल्या काय आणि न आल्या काय. फाटकाची कडी मात्र ते उगाचच काढत-घालत होते.

अक्का बाहेर आल्या त्या पंजाबी ड्रेस घालून. जन्मभर साडीशिवाय ज्यांना कुणी पाहिलं नाही त्या अक्का. दाजींच्या हातातली नारळाची वाटी तशीच राहिली. "हे काय?" ते कसेबसे म्हणाले.

"काय म्हणजे? डॉक्टरांनी तवाच सांगितलं होतं, वाकडं बसायचं नाय म्हणून. बसायचं तर दोन्हीकडं पाय टाकून, पाठ सरळ ठेवून. मी तवाच शिवून ठेवलाय. कपाटात कधीचा पडलाय."

"मग मला कामून नाय सांगितलं?"

"तुम्ही कुठं होता? बाहेर बाकड्याला नावं ठेवीत होता. आन् तुम्ही तरी कुठं विचारलं मला, येती का म्हणून?"

माझी बायको पदर तोंडावर धरून हसत होती. ड्रेस शिवायला टाकताना ती सोबत होती, हे मला तेव्हा कळलं. अख्ख्या शहराची बैठक तपासून झाली होती. जिच्यासाठी तपासली तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. दाजी गाडीवर बसले, अक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय पलीकडं टाकला. जे व्हायचं तेच झालं. डावीकडचा तो अलगद उतार त्यांना एका बाजूला घेऊन चालला. माझ्या कंबरेनं सिद्ध केलेली ती सीट सरळ बसणाऱ्या माणसाला अगदी निकामी होती. दाजींनी आरशातून मागं पाहिलं.

"रिजेक्ट?" त्यांनी विचारलं. इतक्या बारीक आवाजात तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"लई घसरतंय," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी दाजींची कंबर घट्ट धरली. "पण चला आता. पेरू संपतील."

गाडी गेली. धूर राहिला, तो आम्ही दोघांनी बराच वेळ आनंदानं खाल्ला.

आता चाचांच्या दुकानात अक्का स्वतः स्टुलावर बसतात आणि इथं भरा, तिथं कापा म्हणून सांगतात. दाजी बाजूला पिशवी धरून उभे असतात आणि पात्याला हात लावत नाहीत. मला कुणी बोलावत नाही. रविवारी दुपारी पेरू तेवढे येतात. मी सुटलो, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं आहे. परवा कचेरीतून रिक्षानं येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकरला असा दणका बसला की कंबरेत कळ गेली, डाव्या बाजूला, खालून वर. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं. रिक्षावाल्यानं मान वळवली नाही.