धाकटीला विचारून घेतलेलं घर

माझी धाकटी जाऊ आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात बसली. मागच्या अंधाऱ्या खोलीत दीर डोळे तपासत आणि पुढे काउंटरवर ती गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघे. ती कमी बोले. दीर लोकांसमोर तिला "आमचं मुकं खातं" म्हणत आणि स्वतःच हसत. तीही हसे. तसं हसण्याची तिला सवय झाली होती.

दुकान विकलं तेव्हा त्याच्या वरची राहती जागाही विकली गेली; ती काही महिन्यांत सोडायची होती. नवं घर घेणं भागच होतं. तिच्या लेकीने एक वसाहत पाहून ठेवली होती. तिथे आतच शाळा होती, सायकलींना वेगळा रस्ता होता आणि झाडाखाली बाकं होती. दोन जोडघरं अजून रिकामी होती.

"एकात आम्ही, एकात तुम्ही," लेक म्हणाली. "मधल्या भिंतीत दार काढू. शाळा सुटली की छोटी थेट तुझ्याकडे, आई."

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली आणि पडद्यांना कुठला रंग बरा दिसेल म्हणून विचारू लागली. नात शाळेतून घरी येईल तेव्हा दार आपण उघडायचं, एवढंच तिला हवं होतं. तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दिरांच्या डोक्यात मात्र गोल्फ शिरलं होतं. त्यांनी जन्मात कधी ती काठी हातात धरली नव्हती. पण तपासणीच्या खुर्चीत बसून डॉक्टर, वकील गोल्फच्या गप्पा मारत आणि हे त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारत "वा, वा" करत. आता त्याच क्लबच्या आवारात घरं विकायला निघाली होती. त्या मंडळींच्या शेजारी राहायचं, या कल्पनेनेच त्यांची छाती फुगली.

दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या. मी गाडीत मागे बसले होते. वसाहतीत धाकटीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि शाळेचं फाटक दिसतं का ते पाहिलं. दिसत होतं. गोल्फ क्लबात कोटवाल्या तरुणाने आम्हाला थंड सरबत दिलं. बाहेर नजर पोचेल तिथवर कापलेलं गवत होतं आणि चिटपाखरू नव्हतं. फाटकाजवळच्या पाटीवरचे नियम मी मोठ्याने वाचले. बारा वर्षांखालच्या मुलांना घरांच्या बाजूला मज्जाव होता. पाहुण्यांची मुलं फक्त रविवारी, क्लबच्या हॉलमध्ये.

"वहिनी, पाट्या वाचायला आलोय का आपण?" दीर म्हणाले.

डोळे तपासताना दिरांची एक पद्धत होती. भिंग बदलत विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" पुन्हा बदलायचं, पुन्हा विचारायचं. गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणालं की तपासणी संपली. मग पुढचं दीर ठरवत. घराच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. त्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर.

"बोल. पहिलं की दुसरं?"

"पहिलं," धाकटी म्हणाली.

"नीट आठव. ती मोकळी हवा, ती शांतता. पहिलं की दुसरं?"

"पहिलंच, अहो."

"पोरांचा कलकलाट दिवसभर. तुझं डोकं दुखतं ना? आता सांग."

"भाऊजी, ती सांगतेय ना," मी म्हटलं.

"वहिनी, तपासणीच्या वेळी बाकीच्यांनी बोलायचं नसतं."

पुढचे कितीतरी दिवस हे चाललं. चहाला विचारायचं, बूट घालताना विचारायचं, ती न्हाणीघरात असली तर दाराबाहेरून विचारायचं. लेकीचा फोन येई, "बाबा, जोडघर फार दिवस राहणार नाही हं," आणि हे म्हणत, "तुझ्या आईचं अजून ठरत नाहीये." शेवटी एकदा ताटं उचलता उचलता धाकटी म्हणाली, "मला आता दोन्ही सारखंच."

"झालं तर मग!" दिरांनी टेबलावर थाप मारली आणि तिच्यादेखतच क्लबला फोन लावला.

लेक रडली, भांडली. "बाबा, आईला हे नको होतं!"

"तिला विचारून घेतलंय. वहिनी साक्षीला आहेत," दीर म्हणाले. मी खरं सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

एका जोडघरात लेक राहायला गेली, दुसरं तिच्या सासूबाईंनी घेतलं. मधलं दार ठरल्याप्रमाणे निघालं. धाकटीला नात भेटे ती रविवारी, क्लबच्या हॉलमध्ये. इकडे क्लबात डॉक्टर, वकील दिरांना लांबूनच हात करत. त्यांचा चेंडू पुन्हा पुन्हा तळ्यात जाई, म्हणून त्यांचं नाव "पाणबुडी" पडलं होतं. हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. धाकटीला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.

हिवाळ्यात धाकटी मला म्हणाली, "ताई, चार दिवस लेकीकडे राहून यावं म्हणते. तुम्ही चला बरोबर, म्हणजे हे नाही म्हणणार नाहीत." आम्ही गेलो. धाकटीने लहानशी बॅग आणली होती. लेकीने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, अगं, फोन तरी करायचास. सासूबाईंची बहीण आलीय, तिकडची खोली भरलेली आहे. इथे तुला झोपवू कुठे?"

"असू दे गं. छोटीला बघते नि जाते."

तेवढ्यात शाळा सुटली. अंगणातून पावलं वाजली आणि "आजी, भूक!" अशी हाक आली. धाकटी गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी गेली आणि तिने दार उघडलं. नात आत आली, तिच्या हाताखालून वाकून पुढे पळाली आणि मधल्या दारातून पलीकडे गेली. पलीकडे सासूबाईंचा आवाज आला, "आधी हात धू, बाई."

लेक चटकन म्हणाली, "छोटे, इकडे ये! बघ कोण आलंय."

नातीने दारातून डोकं काढलं. तोंडात घास होता. "कोण?" तिने विचारलं, धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां, रविवारच्या आजी." मग ती परत गेली.

"आई, बस ना. चहा टाकते."

"उठलेच आहे तर निघते," धाकटी म्हणाली आणि तिने बॅग उचलली.

लेकीने पुन्हा बस म्हटलं नाही.